दीडशेच्या चपला

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट, त्याची आधी माफी मागते. चौथीपर्यंत शाळा झाली. त्यानंतर पेन हातात आलं ते सहीपुरतं. ऱ्हस्व कुठं, दीर्घ कुठं, मला अजून ठरवता येत नाही. 'समुद्र' लिहायला गेले तर द ला र कसा जोडायचा ते आठवेना, शेवटी शेजारच्या पोरीच्या पुस्तकात पाहून आले. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. एका बाईला फक्त चार ओळी लिहायच्या होत्या. त्यासाठी वही उघडली, तर त्या चार ओळींच्या आधीचंच सगळं येत राहिलं.

हुरडा आलाय. हर्सूलच्या पुढं एका मळ्यात या दिवसांत मी भाकरी थापायला जाते. सकाळी ज्वारीच्या पानांवरून दव गळत असतं, साडीचा काठ पोटरीपर्यंत भिजतो. आगटीत गोवऱ्या पेटवायच्या, त्यांचा लाल आर झाला की कणसं त्यात खुपसायची. भाजलेलं कणीस तळहातावर चोळून फुंकर मारली की कोंडा उडतो, हिरवे दाणे हातात राहतात. तो वास गोड म्हणावा का धुराचा, मला सांगता येत नाही. आधी तो वास आला की भूक लागायची. आता समुद्र आठवतो, आणि समुद्र आठवला की मान खाली जाते.

मळ्याच्या फाटकावर पाटी आहे, माणशी इतके रुपये, पोटभर. शहरातली माणसं गाड्यांतून येतात, बाजेवर बसतात, फोटो काढतात. मी लहान असताना आमच्या गावाकडं हुरड्याचे पैसे कुणी घेत नव्हतं. शेतावरून जाणाऱ्याला हाक मारून बसवायचे. आम्हालाही हाक यायची, फक्त आमची जागा बांधाच्या अलीकडं असायची आणि कणसं वरून टोपल्यात पडायची. आई म्हणायची, पोरी, दाणे गोडच आहेत ना, मग खा. मी खायचे. वरून पडलेलं घ्यायची सवय मला तेव्हापासूनची. पुढं कुणी काही विचारलं, रागावलं, हिशेब मागितला, की मी एकच सांगायचे, मला काही कळत नाही, मी चौथी शिकलेली. लोक सोडून द्यायचे. या एका वाक्यावर माझी निम्मी जिंदगी निघाली.

मागच्या वर्षी ऐन हुरड्यात चार दिवस खाडा करून मी गोव्याला गेले. मनीषानं नेलं. मनीषा माझी एकुलती एक लेक, चितेगावच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. हातात बोनस आला तर घरी येऊन म्हणाली, "माय, पन्नाशी आली तुझी, हर्सूलच्या तळ्यापुढं पाणी पाहिलं नाय तू."

"पैठणचं धरण पाहिलंय की."

"धरण म्हंजे समुद्र व्हय? चल गप."

समुद्राचं मी काय लिहू. पाहिला, घाबरले, पाय बुडवले. मला आठवतो तो रस्ता. बसस्टँडाकडून निघून सरळ वाळूत जाऊन संपणारा. त्याच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवलेले होते, त्यामुळं गाडी आत येत नव्हती. मनीषाला होडीतून मासे पाहायला जायचं होतं आणि मला होडीची भीती. म्हणून ती म्हणाली, "तू इथंच फिर. गाडी नाय, घोडा नाय, रस्ता एकच, हरवणार कुठं? पाच वाजता खांबापाशी ये."

अशी मी त्या रस्त्यावर एकटी राहिले. दोन्ही बाजूंनी दुकानं. झाडंपानं छापलेले सदरे वाऱ्यावर उडत होते, गवताच्या टोप्या एकात एक घातलेल्या, शिंपल्यांचे पडदे खळखळ वाजत होते. काजू भाजल्याचा वास यायचा, दोन पावलांवर तळलेल्या माशांचा, त्यापुढं कुठल्या तरी अत्तराचा. हॉटेलांनी टेबलखुर्च्या सरळ रस्त्यावर मांडल्या होत्या, त्यांवर चौकड्यांचे कपडे. गोरी माणसं, काळी माणसं, नवरा-बायको हातात हात घालून, अर्ध्या चड्डीतल्या म्हाताऱ्या. कुणालाच कुठं पोचायचं नव्हतं. असं बिनकामाचं चालणं मी पाहिलं नव्हतं. आमच्याकडं गुलमंडीच्या बाजारात शिरायचं तर एक डोळा पिशवीवर, एक मोटारसायकलवर. रस्त्याच्या मधून मी चालले आहे ती फक्त जयंतीच्या मिरवणुकीत. इथं एकही गाडी नव्हती, तरी मी कडेनंच चालत होते, आणि मागं वळून वळून रिक्षा पाहत होते. एका टोपीवाल्यानं ते पाहिलं. म्हणाला, "मावशी, बीच में चलो, आज रोड आपका है." मी लाजून आणखी कडेला झाले.

पण थोड्या वेळानं मी खरंच मधे आले. कुणी पाहत नाही असं पाहून आले. मधून चालताना दोन्ही हातांचं काय करावं तेच समजेना. पदर सोडला, परत घेतला. एका काचेत मी स्वतःला पाहिलं आणि हसले. ती पंधरा-वीस मिनिटं माझ्या आयुष्यातली चांगली मिनिटं होती, हे इथं लिहून ठेवते. पुढचं लिहिल्यावर ते लिहायचा मला हक्क राहणार नाही.

पाय दुखले म्हणून एका खुर्चीवर बसले. मला वाटलं, एवढ्या खुर्च्या टाकल्यात, चालणाऱ्यांसाठी असतील. लगेच एक पोरगा जाडजूड पुस्तक घेऊन आला. "आंटी, क्या लोगे?" त्या पुस्तकात सगळी इंग्रजी अक्षरं आणि एका माशाचं चित्र. मी ताडकन उठले. तो हसला, "अरे बैठो, बैठने का चार्ज नहीं है." मी काही ऐकलं नाही, घाईनं निघाले, आणि टेबलाच्या पायाला अडखळून माझ्या चपलेचा अंगठा तुटला. उजवी चप्पल. फरशी उन्हानं तापलेली. एका पायात चप्पल आणि एक हातात, अशी मी भर रस्त्यात उभी.

समोरच्या दुकानातून हाक आली, "यो गो, यो. पांय भाजतले तुजे."

चपला आणि टोप्यांचं दुकान होतं. बाई माझ्याहून थोडी मोठी, फुलाफुलांचा फ्रॉक, आखूड केस, चष्मा साखळीला लटकवलेला. मी उंबऱ्याशीच थांबले. तिनं दंडाला धरून आत घेतलं आणि स्वतःच्या स्टुलावर बसवलं. मग खाली बसून माझा पाय मांडीवर घेतला. धुळीचा, भेगाळलेला पाय. मी ओढून घेत होते, ती सोडत नव्हती. फडक्यानं पुसला आणि मापाची चप्पल घालून पाहिली. तपकिरी, मऊ तळाची. असा पाय माझा आईनंतर कुणी हातात घेतला नव्हता.

किंमत तिनं बोटांनी दाखवली. साडेतीनशे. माझ्या बटव्यात दीडशे होते. मी ते तिच्यापुढं धरले आणि चप्पल काढायला लागले. तिनं माझा हात धरला, दीडशे घेतले आणि म्हणाली, "फाल्यां दिल्यार जाता." माझी तुटकी जोडी उचलून फळीवर ठेवली, सुईदोऱ्याची खूण केली, नवी चप्पल पायात राहू दिली आणि रिकामी पिशवी माझ्या हातात दिली.

'जाता' हा शब्द मी ऐकला. आमच्याकडं 'जाता' म्हणजे जाणं. मला वाटलं, ती म्हणते, जा आता. दीडशेत भागलं, जा. नंतर मनाशी शंभर वेळा मी हेच सांगितलं, की मला त्यांची भाषा कळली नाही.

पण ते खरं नाही. माझ्या तोंडाकडं पाहून तिला समजलं की मला समजलं नाही. तेव्हा ती हिंदीत म्हणाली, "कल देना, कल. दो सौ." आणि खांद्यावरून पुढं हात करून उद्याची खूण केली. हिंदी मला येते. आमच्या शहरात भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी सगळ्यांशी हिंदीच चालते. 'कल' मला न समजायला मी काही आभाळातून पडले नाही. मी मान हलवली आणि बाहेर आले. दुसऱ्या दिवशी द्यायचे असंच तेव्हा मनात होतं, तेवढं खरं धरावं.

खांबापाशी मनीषा आली. केस ओले, तोंडभर हसू. आधी तिची नजर माझ्या पायांकडं गेली. "माय! ह्या कुठनं आणल्या? मी काल असल्याच पाहिल्या. साडेतीनशेच्या खाली कुणी देत नाय इथं."

"दीडशेला दिल्या," मी म्हणाले.

एवढंच बोलले. पुढं 'आणि दोनशे उद्या द्यायचेत' म्हणायचं होतं, तोंड उघडलंही होतं. पण मनीषानं माझे दोन्ही खांदे धरले. "साडेतीनशेची दीडशेला? काय गं माय, तू तर लई हुशार निघाली! मला वाटायचं तू भाजीवालीशी पण बोलत नाय."

मला आजवर कुणी गरीब म्हटलं, सोशिक म्हटलं, मुकी म्हटलं. हुशार कुणी म्हटलं नव्हतं. आणि म्हणणारी माझी लेक, बारावी झालेली. मी ते बाकीचं वाक्य गिळलं. गिळलं तेव्हा ते मला गोड लागलं, हे मला सगळ्यात जास्त टोचतं.

घरी आल्यावर त्या चपला मी चारदाही घातल्या नाहीत. मळ्यात राख लागंल म्हणून, लग्नात चोरीला जातील म्हणून, अशी कारणं सांगून वरच्या फळीवर ठेवल्या, त्याच पिशवीत. मनीषा मात्र गोष्ट सांगत सुटली. कंपनीत सांगितली, मावशीला फोनवर सांगितली. कुणी पाहुणा आला की, "आमच्या मायनं गोव्यात जाऊन भाव पाडला." लोक माझ्याकडं पाहायचे आणि मी चहा टाकायला उठायचे. ते म्हणायचे, लाजते बघा. शरम आणि लाज बाहेरून एकच दिसते, त्याचा मला फायदा झाला.

विहारात पौर्णिमेला पंचशील म्हणतो. न दिलेलं घेणार नाही, हे दुसरं शील. खोटं बोलणार नाही, हे चौथं. सगळ्या बायांच्या आवाजात माझा आवाज असतोच. त्या दोन ठिकाणी आला की तो आपोआप खाली जायचा, ओठ नुसते हलायचे. मी मनात भांडायचे, की तिनं आपल्या हातानं दिलं होतं, न दिलेलं कुठं घेतलं? पण भांडण जिंकता येत नव्हतं. कारण दुसऱ्या दिवशीची सकाळ मधे उभी राहायची.

ती सकाळ मी अजून लिहिली नाही. आता लिहिते.

बस साडेनऊला होती. बॅगा घेऊन आम्ही त्याच रस्त्यानं निघालो, दुसरा रस्ता नव्हताच. दुकानं नुकती उघडत होती, फरशीवर पाणी मारलेलं, मासे अजून तळायला लागले नव्हते. मी मनीषाच्या पलीकडच्या बाजूला झाले, तिच्या आडोशाला. दुकानासमोर आलो तर ती बाई दारात होती. मला पाहून तिचं तोंड फुललं. "गो बाय! रांव, रांव!" म्हणत पायरी उतरली. तिच्या हातात माझी काळी चप्पल होती. दोन्ही. उजव्या चपलेच्या अंगठ्याला नवा पांढरा दोरा घातलेला, लांबून दिसेल असा.

ती पैसे मागायला हाक मारत नव्हती. माझी चप्पल द्यायला मारत होती.

मनीषा थांबली. "माय, ती बाई तुलाच बोलावती का?"

मी पदर पुढं ओढला. "मला काय ठाव? त्यांची भाषा मला कळत नाय." आणि पाय उचलले. तिच्याच चपलेत उचलले. रस्ता मोकळा होता, गाडी नव्हती, अडवायला कुणी नव्हतं. मी मधून चालत गेले. मागून अजून एकदा "बाय!" ऐकू आलं, मग नाही.

हुरड्याच्या धुरात वर्षभरानं हेच माझ्या डोळ्यांपुढं येतं. ती चप्पल हातात धरून किती वेळ उभी राहिली असंल? फळीवर परत ठेवली असंल का टाकून दिली? शेजारच्या दुकानदारानं विचारलं असंल, काय झालं? तिनं काय सांगितलं असंल?

मागच्या आठवड्यात मळ्यावर उस्मानपुऱ्याच्या एक आजी आल्या, सुना-नातवंडांबरोबर. मी घरी शेंगदाण्याची चटणी करून पाकिटं भरते आणि मालकाला विचारून तिथं विकते. आजींनी दोन पाकिटं घेतली आणि मग बटवा चाचपला. मुलं पुढं गाडीकडं गेलेली, फोनला मळ्यात रेंज नाही. पाकिटं परत ठेवायला लागल्या. मी म्हणाले, "राहू द्या वं आजी. उद्या दिले तरी चालतंय."

बोलून झाल्यावर माझा भाकरीवरचा हात थांबला. हे वाक्य मी कुठं ऐकलं होतं ते मला माहीत होतं. भाकरी तव्यावर करपली.

दुसऱ्या दिवशी गोवऱ्यांनी नीट पेटही घेतला नव्हता, तर फाटकाशी रिक्षा थांबली. आजी एकट्याच, काठी टेकत बांधावरून आल्या आणि ऐंशी रुपये माझ्या पिठाच्या हातात ठेवले.

"अवो आजी, एवढ्यासाठी आलात? रिक्षाला किती गेले?"

"ते विचारू नकोस. सुनेला कळलं तर मला घराबाहेर काढील," त्या हसल्या. मग म्हणाल्या, "झोप लागली नाही बाई. तू ओळख ना पाळख विश्वास टाकलास."

त्यांना मी बाजेवर बसवलं, पहिलं कणीस चोळून दिलं. त्या खात होत्या आणि मी आगटीकडं तोंड करून धुराच्या नावानं डोळे पुसत होते.

त्या संध्याकाळी शेजारीण आली होती. मनीषा तिला सांगायला लागली, "आमच्या मायनं गोव्यात..." मी म्हणाले, "मनीषा, गप." असं मी तिला कधी म्हटलं नव्हतं. शेजारीण उठून गेली. मी फळीवरून पिशवी काढली आणि सगळं सांगितलं. मांडीवर घेतलेला पाय, 'कल देना', पांढरा दोरा. एकही गोष्ट गाळली नाही.

मनीषा बराच वेळ ताटातली भाजी इकडून तिकडं करत राहिली. "म्हंजे भाव पाडलाच नव्हता?"

"नाय."

"मी अख्ख्या कंपनीत सांगत फिरले गं माय."

"व्हय."

"आणि मी विचारलं तेव्हा तुला कळत होतं, ती तुलाच बोलावती."

"सगळं कळत होतं."

ती रागानं उठली, हात धुतले, भांडी आपटली. मी बसून राहिले. मला वाटलं, आता ही मला परत कधी हुशार म्हणणार नाही, आणि ते बरोबर आहे. मग ती येऊन पिशवी हातात घेऊन उलटीसुलटी पाहायला लागली. पिशवीवर दुकानाचं नाव इंग्रजीत आहे, ते मला वाचता येत नाही. पण खालचे फोनचे आकडे मला वर्षभर वाचता येत होते. पाठ झाले होते. मनीषानं मोबाइलवर ते दाबले तर पडद्यावर नाव आलं.

"फिलोमेना," ती म्हणाली.

तिचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं.

चटणीच्या पैशांतले दोनशे मी मनीषाच्या हातात दिले, म्हटलं हेच पाठव, तुझे नकोत. ती म्हणाली, फोनमधून नोटा जात नसतात माय, पण घेतल्या. मी म्हणाले, नुसते पैसे नको, चिठ्ठी पण. तिनं फोनवर लिहून देते म्हटलं. मी नको म्हणाले. माझ्या हातचं पाहिजे. वही उघडली आणि तिथं ही पानं भरली. खाली, शेवटी, त्या चार ओळी आल्या. बाई, तुमचे दोनशे रुपये माझ्याकडं राहिले. उद्या द्या म्हणालात ते मला समजलं होतं. सकाळी हाक मारलीत ती मला ऐकू आली होती, आणि चप्पलही दिसली होती. मला माफ करा, अक्षराबद्दलही.

मनीषानं त्या चार ओळींचा फोटो काढला. "वाचता येईल का तिला मराठी?" मी विचारलं. "कुणी तरी वाचून दाखवील," ती म्हणाली आणि दोन्ही पाठवलं. आधी पैसे, मागून फोटो.

दोन दिवस काही आलं नाही. मी मळ्यावर जात राहिले, भाकरी थापत राहिले. आज घरी आले तर मनीषानं फोन माझ्या कानाला लावला. आवाज होता. मागं खळखळ वाजत होतं, शिंपल्यांचे पडदे असतील.

"पयशे पावले गो. तुज्यो व्हाणो हांगाच आसात. फाल्यां आयल्यार जाता." आणि ती हसली. मोठ्यानं हसली.

मी ते तीनदा ऐकलं. मनीषा माझ्या तोंडाकडं पाहत होती. "काय म्हणती गं ती? मला तर एक अक्षर कळलं नाय."

"मला कळलं," मी म्हणाले. "चपला ठेवल्यात म्हणती. उद्या आले तरी चालंल म्हणती. आणि पैसे पोचले. पुरे दोनशे."